दोन कार्यालयांमधलं टनेल आणि त्याची किल्ली: स्ट्राँगस्वानवर पीएसके नीट कसं बसवायचं

कोल्हापुरातल्या मुख्य कार्यालयात एक लिनक्स सर्व्हर, त्यावर स्ट्राँगस्वान हे टनेल चालवणारं सॉफ्टवेअर, गडहिंग्लजच्या शाखेत एक मायक्रोटिक राउटर आणि दोघांमध्ये इंटरनेटवरून जाणारं आयपीसेक टनेल, म्हणजे दोन कार्यालयांना जोडणारा कुलूपबंद रस्ता. एका पतसंस्थेचं असं जाळं मी सांभाळते. टनेल उभं कसं करायचं याच्या सूचना कुठेही मिळतात. त्यातल्या बहुतेकांत किल्लीच्या जागी नमुन्याचा एक शब्द लिहिलेला असतो आणि लोक तो थोडासा बदलून तसाच वापरतात. माझा सगळा जीव त्या एका ओळीत आहे. बाकी काही चुकलं तर टनेल उभंच राहत नाही किंवा थोड्या वेळात पडतं, आणि चूक कळते. किल्ली कच्ची असली तर मात्र टनेल व्यवस्थित चालतं, वर्षानुवर्षं चालतं, आणि कुणालाच काही कळत नाही.

कमांड, फाइलींची आणि सेटिंगांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्ये, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायची. उदाहरणातले पत्ते काल्पनिक आहेत.

पीएसके नेमकं काय करतं

पीएसके, म्हणजे प्री-शेअर्ड की, हे दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असलेलं एक गुपित. बऱ्याच जणांना वाटतं की ग्राहकांचा डेटा याच किल्लीनं कुलूपबंद होतो. तसं नाही. डेटा ज्या किल्ल्यांनी बंद होतो त्या डिफी-हेलमन नावाच्या गणिती देवाणघेवाणीतून दर वेळी नव्या तयार होतात. पीएसकेचं काम एवढंच, की समोरचं टोक खरंच आपलं आहे हे पटवणं. म्हणून उद्या पीएसके फुटली तरी कालची साठवून ठेवलेली वाहतूक तिच्यानं उघडता येत नाही. पण फुटलेली किल्ली हातात असलेला माणूस वाटेत उभा राहून शाखेसमोर मुख्य कार्यालय असल्याचं सोंग घेऊ शकतो, आणि मुख्य कार्यालयासमोर शाखेचं. गुपित दोघांचं एकच असल्यामुळे सोंग दोन्ही बाजूंनी घेता येतं. सर्टिफिकेटमध्ये हा धोका नसतो, कारण तिथे प्रत्येकाची खासगी किल्ली वेगळी असते.

मग सर्टिफिकेटच का नाही वापरायची? कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपसाठी मी सर्टिफिकेटच वापरते. पंधरा लोकांना एकच पीएसके वाटणं म्हणजे गुपित नावाची गोष्टच न ठेवणं. दोन ठरलेली कार्यालयं जोडायची असतील आणि दोन्हीकडची यंत्रं एकाच माणसाच्या ताब्यात असतील, तर पीएसके साधी आणि टिकाऊ पडते. आमच्याकडे आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात शाखेची वीज तासन्‌तास जाते, आणि छोट्या राउटरांत बहुतेक वेळा घड्याळाला बॅटरी नसते. वीज आली की राउटर जुनीच तारीख धरून उठतो, सर्टिफिकेटची मुदत त्याला पटत नाही आणि टनेल अडकतं. पीएसकेला तारखेशी काही देणंघेणं नाही.

एक अट मी कधीच सोडत नाही: आयकेई, म्हणजे टनेलची दोन टोकं एकमेकांची ओळख पटवून किल्ल्या ठरवतात तो प्रोटोकॉल, त्याची आवृत्ती २. आवृत्ती १ च्या अ‍ॅग्रेसिव्ह मोडमध्ये सर्व्हर किल्लीपासून काढलेला हॅश, म्हणजे तिचा गणिती ठसा, उघड्यावर पाठवतो. कुणीही तो मागून घ्यावा आणि घरी बसून शब्दकोश लावून किल्ली शोधावी. मेन मोड त्यातल्या त्यात बरा समजला जायचा, पण २०१८ साली बोखुमच्या रुर विद्यापीठातल्या आणि पोलंडमधल्या ओपोले विद्यापीठातल्या संशोधकांनी कच्च्या किल्लीवर तिथेही ऑफलाइन हल्ला चालतो हे दाखवलं. आवृत्ती २ बरीच चांगली आहे, तरी तिलाही एक मर्यादा आहे. टनेल सुरू करणारं टोक आपला पुरावा आधी पाठवतं. वाटेत खोटा सर्व्हर उभा करणाऱ्याला तो पुरावा मिळतो, आणि त्यावर तो निवांतपणे अंदाज चालवू शकतो. किल्ली खरोखर यादृच्छिक असेल तर त्या अंदाजांतून काहीच निघत नाही. शाखेचं नाव, @ आणि साल अशी असेल तर ती सापडणारच. आवृत्ती २ चं मानक, म्हणजे २०१४ चं आरएफसी ७२९६, माणसानं निवडलेला पासवर्ड किल्ली म्हणून वापरू नका असं स्पष्ट सांगतं.

किल्ली तयार करणं

किल्ली डोक्यातून काढायची नाही, यंत्राकडून घ्यायची. सर्व्हरवर आधी ‘यूमास्क ०७७’ द्या, म्हणजे पुढची फाइल फक्त तुम्हालाच वाचता येईल. मग ‘ओपनएसएसएल रँड -हेक्स ३२’ ही कमांड चालवून उत्तर थेट फाइलीत वळवा. ३२ बाइट म्हणजे २५६ बिट, हेक्समध्ये ६४ अक्षरं. किल्ली कमांडच्या ओळीत टाइप करू नका, ती शेलच्या इतिहासात पडून राहते.

बेस६४ लहान पडतं, तरी मी हेक्सच घेते. हेक्समध्ये फक्त ० ते ९ आणि ए ते एफ. कॅपिटल आय आणि स्मॉल एल, शून्य आणि ओ असले गोंधळ संपतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. स्ट्राँगस्वानमध्ये किल्लीच्या आधी ‘०एक्स’ लिहिलं तर पुढचा मजकूर हेक्स म्हणून वाचला जातो आणि ‘०एस’ लिहिलं तर बेस६४ म्हणून. काहीच लिहिलं नाही तर अक्षरं जशीच्या तशी किल्ली ठरतात. मायक्रोटिकलाही ‘०एक्स’ समजतं, त्यामुळे दोन्हीकडे एकच मजकूर चालतो. पण तुमचा राउटर वेगळा असेल आणि त्याला हा उपसर्ग कळत नसेल, तर तो ‘०एक्स’सकट सगळं साधा मजकूर समजेल आणि किल्ल्या कधीच जुळणार नाहीत. अशा वेळी दोन्हीकडे उपसर्ग काढा आणि तीच ६४ अक्षरं साधा मजकूर म्हणून वापरा. ताकद तेवढीच राहते. काही राउटर एवढी लांबी घेत नाहीत, गुपचूप शेपूट कापतात. म्हणून त्या राउटरची मर्यादा आधी बघा.

किल्ली शाखेपर्यंत नेणं

सगळ्यात जास्त हयगय इथे होते. किल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की ती पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये, घेणाऱ्याच्या फोनमध्ये आणि दोघांच्या बॅकअपमध्ये राहते. ईमेलवर गेली की कायमचीच राहते. मी शक्यतो स्वतः शाखेत जाऊन राउटरवर ती बसवते. ते जमत नसेल तर किल्लीचे दोन भाग करते. पहिली ३२ अक्षरं बंद पाकिटातून शाखाधिकाऱ्यांकडे जातात आणि उरलेली ३२ मी फोनवर वाचून दाखवते. तिजोरीची एक किल्ली व्यवस्थापकाकडे आणि दुसरी रोखपालाकडे असते, तसंच हे. एक अर्धा भाग कुणाच्या हाती लागला तरी उरलेल्या भागात १२८ बिट शिल्लक असतात, आणि ते अंदाजानं शोधता येत नाहीत.

फोनवर बी, डी आणि ई सारखेच ऐकू येतात. आम्ही गावांची नावं ठरवली आहेत: अकोला, बारामती, चिपळूण, देवगड, एरंडोल, फोर्ट. चार-चार अक्षरांचे गट वाचायचे आणि शाखेतल्या मॅडमनी प्रत्येक गट परत म्हणायचा. ‘चिपळूण सात देवगड शून्य’ हे कुणालाही चुकीचं ऐकू येत नाही. काम झाल्यावर पाकीट फाडून टाकायचं.

दोन्ही टोकांना किल्ली तीच पोचली का, हे ती पुन्हा न उच्चारता तपासता येतं. राउटरवर टाकण्याआधी शाखेतल्या संगणकावर तिचा एसएचए-२५६ हॅश काढा, इकडेही काढा आणि पहिली आठ अक्षरं फोनवर जुळवा. हॅश काढताना शेवटी नवी ओळ जाऊ देऊ नका. नाहीतर किल्ली तीच असूनही हॅश वेगळे येतील. यादृच्छिक किल्लीच्या हॅशचा तुकडा कुणी ऐकला तर बिघडत नाही. कच्च्या किल्लीचा मात्र ऐकू जाता कामा नये.

सर्व्हरची मांडणी

डेबियन किंवा उबुंटूवर ‘स्ट्राँगस्वान-स्वानसीटीएल’ आणि ‘कॅरन-सिस्टमडी’ (‘कॅरन’चं स्पेलिंग सी-एच-ए-आर-ओ-एन) ही दोन पॅकेजं बसवा. जुन्या लेखांत ‘आयपीसेक.कॉन्फ’ आणि ‘आयपीसेक.सीक्रेट्स’ या फाइली दिसतील, ती आधीची पद्धत. ‘स्ट्राँगस्वान-स्टार्टर’ आधीपासून चालू असेल तर ते बंद करा, कारण दोन सेवा एकाच पोर्टावर भांडतात. ‘ईटीसी’मधल्या ‘स्वानसीटीएल’ फोल्डरमध्ये ‘कॉन्फ.डी’ आहे. तिथे प्रत्येक शाखेसाठी एक स्वतंत्र फाइल ठेवा, शेवटी ‘.कॉन्फ’ हवंच. फाइलीची मालकी रूटकडे आणि परवानगी ६००. ‘ईटीसी’ फोल्डर गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणारी प्रणाली) किंवा बॅकअपमध्ये जात असेल तर किल्लीही तिथे जाते, हे विसरू नका. मी किल्ल्यांचा विभाग वेगळ्या फाइलीत ठेवते आणि ती फाइल गिटमधून वगळते.

फाइलीत ‘कनेक्शन्स’ या विभागात शाखेच्या नावाचा उपविभाग करा. त्यात ‘व्हर्जन’ २. ‘लोकल_अ‍ॅड्र्स’ म्हणजे सर्व्हरचा स्थिर पत्ता, समजा २०३.०.११३.१०. शाखेचा पत्ता लिहू नका. शाखेला बहुधा स्थिर पत्ता नसतोच. राउटरच्या वॅन, म्हणजे इंटरनेटकडच्या, बाजूला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर इंटरनेट कंपनीनं अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय असं समजा. अशा शाखेला बाहेरून हाक मारता येत नाही, टनेल शाखेनंच सुरू करायचं.

‘प्रपोजल्स’मध्ये, म्हणजे वापरायच्या अल्गोरिदमांच्या यादीत, एकच ओळ लिहा: एईएस२५६-एसएचए२५६-मॉडपी२०४८. यादी लांबवून जुन्या राउटरांची सोय बघत बसू नका, दोन्ही टोकं आपल्याच हातात आहेत. ‘डीपीडी_डिले’, म्हणजे समोरचं टोक जिवंत आहे का हे किती वेळानं तपासायचं ते, ३० सेकंद ठेवा. तो मुळात शून्य, म्हणजे बंद असतो, आणि मग मेलेलं टनेल जिवंत दिसत राहतं.

‘लोकल’ आणि ‘रिमोट’ या दोन उपविभागांत ‘ऑथ’ म्हणजे ‘पीएसके’, आणि दोन्हीकडे ‘आयडी’ स्वतः लिहायची. लिहिली नाही तर यंत्र आपला आयपी पत्ताच ओळख म्हणून देतं. शाखा नॅटमागे, म्हणजे वाटेत पत्ता बदलणाऱ्या यंत्रामागे, असली की ती १९२.१६८ वाला आतला पत्ता सांगते, सर्व्हर वेगळंच काही अपेक्षित धरतो, आणि किल्ली बरोबर असूनही टनेल नाकारलं जातं. म्हणून नावं द्या: सर्व्हरला ‘एचओ.कोल्हापूर’, शाखेला ‘बीआर.गडहिंग्लज’. ही नावं डीएनएसमध्ये असायची गरज नाही. आवृत्ती २ मध्ये सर्व्हर आधी ही ओळख वाचतो आणि मग त्या ओळखीची किल्ली शोधतो, त्यामुळे शाखेचा पत्ता रोज बदलला तरी अडत नाही.

‘चिल्ड्रन’मध्ये एक उपविभाग, नाव ‘लॅन’. ‘लोकल_टीएस’ म्हणजे आपलं आतलं नेटवर्क, १९२.१६८.१०.०/२४; ‘रिमोट_टीएस’ म्हणजे शाखेचं, १९२.१६८.२१.०/२४; आणि ‘ईएसपी_प्रपोजल्स’मध्ये पुन्हा वरचीच ओळ. दोन्ही कार्यालयांत एकच पत्त्यांची मालिका असेल तर आधी शाखेची बदला, टनेल नंतर.

आता ‘सीक्रेट्स’ विभाग. त्यातल्या उपविभागाचं नाव ‘आयकेई’नं सुरू व्हायला हवं, उदाहरणार्थ ‘आयकेई-गडहिंग्लज’. त्यात ‘आयडी-१’ म्हणजे एचओ.कोल्हापूर, ‘आयडी-२’ म्हणजे बीआर.गडहिंग्लज, आणि ‘सीक्रेट’मध्ये ‘०एक्स’ लावून ६४ अक्षरं. आयडीच्या ओळी गाळल्या तरी फाइल चालते, पण मग ती किल्ली कुठल्याही ओळखीला लागू होते. एका शाखेचा चोरीला गेलेला राउटर दुसऱ्या शाखेचं नाव सांगून आत यायला तेवढं पुरतं. प्रत्येक शाखेची किल्ली वेगळी आणि आयडीला बांधलेली, यात सूट नाही.

फायरवॉलमध्ये यूडीपी ५०० आणि ४५०० उघडा. सर्व्हर स्वतःच फायबरच्या राउटरमागे असेल तर दोन्ही पोर्ट पुढे पाठवा, आणि ‘लोकल_अ‍ॅड्र्स’मध्ये सर्व्हरचा आतला पत्ता लिहा. कर्नलमध्ये आयपी फॉरवर्डिंग चालू करा. सर्व्हरवर मॅस्करेड (आतल्या पत्त्यांऐवजी सर्व्हरचा पत्ता लावणं) लागलं असेल तर टनेलमध्ये जाणारी वाहतूक त्यातून वगळा, नाहीतर पॅकेटचा मूळ पत्ता बदलतो आणि ते टनेलऐवजी बाहेरच्या रस्त्याला लागतं. शेवटी ‘स्वानसीटीएल --लोड-ऑल’.

शाखेचा राउटर

मायक्रोटिकमध्ये पीअरला सर्व्हरचा पत्ता द्या आणि एक्स्चेंज मोड ‘आयकेई२’ निवडा. आयडेंटिटीत पद्धत प्री-शेअर्ड की, ‘माय आयडी’ एफक्यूडीएन (पूर्ण डोमेन-नाव) प्रकारची बीआर.गडहिंग्लज आणि ‘रिमोट आयडी’ एचओ.कोल्हापूर. प्रोफाइलमध्ये एईएस-२५६, एसएचए२५६, मॉडपी२०४८. पॉलिसीत दोन्ही नेटवर्कं आणि टनेल मोड. सर्व्हरप्रमाणे इथेही टनेलची वाहतूक मॅस्करेडमधून वगळा.

प्रपोजलमधला पीएफएस गट, म्हणजे किल्ल्या नव्या करतानाचा डिफी-हेलमन गट, मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. तो मुळात मॉडपी१०२४ असतो आणि मुदत अर्धा तास. पहिलं टनेल उभं राहताना या गटाची तपासणी होतच नाही, कारण त्या टप्प्यावर आधीच्या देवाणघेवाणीतल्याच किल्ल्या वापरल्या जातात. गट पहिल्यांदा कामाला येतो तो किल्ल्या नव्या करताना. दोन्हीकडचे गट वेगळे असले तर टनेल छान उभं राहतं, तुम्ही चहा प्यायला जाता आणि अर्ध्या तासानं शाखेचा फोन येतो. मॉडपी२०४८ करा आणि पहिली रीकी, म्हणजे किल्ल्या नव्या होणं, होऊन जाईपर्यंत काम संपलं असं म्हणू नका.

लॉग वाचताना

शाखेच्या बाजूला फक्त ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ दिसतं. ते मुद्दामच मोघम ठेवलेलं असतं, अनोळखी माणसाला कारण कळू नये म्हणून. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. ‘जर्नलसीटीएल -यू स्ट्राँगस्वान -एफ’ चालू ठेवा आणि शाखेला टनेल सुरू करायला सांगा.

‘नो शेअर्ड की फाउंड फॉर’ आणि पुढे दोन नावं दिसली, तर किल्लीला हात लावू नका. त्या दोन नावांच्या जोडीसाठी सर्व्हरकडे किल्लीच नाही. लॉगमधली नावं ‘सीक्रेट्स’मधल्या नावांशी अक्षर अन्‌ अक्षर ताडून बघा. ‘ट्राइड १ शेअर्ड की’ आणि शेवटी ‘मॅक मिसमॅच्ड’ आलं तर नावं जुळली, किल्ली मात्र वेगळी आहे. उपसर्ग, चिकटवताना शेवटी आलेली मोकळी जागा, कापलेलं शेपूट या क्रमानं बघा. ‘नो मॅचिंग पीअर कॉन्फिग फाउंड’ म्हणजे कुठल्याच कनेक्शनची ओळख बसली नाही. ‘नो प्रपोजल चोझन’ म्हणजे अल्गोरिदम जुळले नाहीत आणि ‘टीएस अनअ‍ॅक्सेप्टेबल’ म्हणजे नेटवर्कांचे पत्ते. या दोन्हींत किल्लीचा दोष नसतो. काहीच आलं नाही तर पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचलेलंच नाही, फायरवॉल बघा.

अडचण शोधताना कुणी लॉगची पातळी ४ करायला सांगितली तर करू नका. त्या पातळीला किल्ल्यांसारखा गोपनीय मजकूरही लॉगमध्ये उतरतो. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात, म्हणजे तोही मजकूर तितके दिवस राहणार. पातळी २ पुरेशी असते.

किल्ली बदलणं

राउटर चोरीला गेला, दुरुस्तीला बाहेर गेला किंवा किल्ली पाहिलेला माणूस नोकरी सोडून गेला, की त्या शाखेची किल्ली बदलायची. एक गोष्ट इथे नक्की समजून घ्या. नव्या किल्ल्या तयार होताना पीएसके पुन्हा विचारली जात नाही, आणि स्ट्राँगस्वानच्या नव्या पद्धतीत आवृत्ती २ साठी पुन्हा ओळख पटवणंही मुळात बंद असतं. म्हणजे सर्व्हरवर किल्ली बदलून ‘स्वानसीटीएल --लोड-क्रेड्स’ दिलंत तरी आधीपासून चालू असलेलं टनेल तसंच चालू राहतं. चोराच्या हातातलंसुद्धा. शिवाय नवी किल्ली चुकीची टाइप झाली असेल तर ते आज कळत नाही. कळतं ते पुढे कधीतरी सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर, बहुधा महिनाअखेरीच्या गर्दीत.

म्हणून कामकाज संपल्यावर दोन्हीकडे किल्ली बदला, ‘स्वानसीटीएल --टर्मिनेट --आयकेई गडहिंग्लज’ देऊन टनेल मुद्दाम तोडा आणि शाखेकडून नव्यानं सुरू होऊ द्या. ‘स्वानसीटीएल --लिस्ट-एसएज’मध्ये ‘एस्टॅब्लिश्ड’पुढचे सेकंद शून्यापासून मोजले जाताना दिसले पाहिजेत. शाखेचा राउटर तुम्ही याच टनेलमधून हाताळत असाल तर तोडल्यावर तो तुमच्या हातातून जातो. तेव्हा शाखेत कुणीतरी मोबाइलच्या इंटरनेटवर लॅपटॉप घेऊन बसलेलं हवं, आणि पिंग दोन्ही दिशांनी चाललेलं बघितल्याशिवाय त्यांना घरी सोडू नका.